मोर्चात भेटलेला किडा

मॅडम,

चौकात तुमच्या पहिल्या स्मृतिदिनाचा फ्लेक्स लागलाय. फोटो बरा आहे, चष्मा कपाळावर ढकललेला. पण खालचा मजकूर वाचला आणि मी स्कूटी थांबवली. "कालकथित. मनमिळाऊ, मृदुभाषी, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या."

मृदुभाषी? तुम्ही?

पत्रकं लिहून लिहून मोठी झालेली मुलगी मी. खोटं छापलेलं दिसलं की हात शिवशिवतात. मार्कर घेऊन वर चढणारच होते, तेवढ्यात तुमचा पुतण्या आला. म्हणाला, "राहू दे ना ताई. फ्लेक्सवाल्याकडे मजकूर तयारच असते, आपण फक्त नाव बदलवतो."

घ्या. जन्मभर किड्यांची वर्णनं लिहिली, केसाएवढा फरक सोडला नाही, आणि तुमच्या फोटोखाली लोकांनी दुसऱ्याच प्रजातीचं वर्णन चिकटवून टाकलं.

तुम्हीच शिकवलंत, जुनं वर्णन चुकीचं निघालं की तक्रार करत बसायचं नाही, नमुना पुन्हा समोर घ्यायचा आणि नव्याने लिहायचं. म्हणून हे लिहिते आहे. नमुना समोर नाही, तेवढं चालवून घ्या.

तर. तुम्ही मनमिळाऊ नव्हता. बीएस्सीच्या वर्गात माझ्या पहिल्याच उत्तरावर तुम्ही विचारलं होतं, "काहून?" मी कारण सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ते काहून?" मी त्याचंही सांगितलं. "आन् ते?" तिसऱ्या काहूनला मी गप्प झाले. तुम्ही खडू ठेवलात आणि म्हणालात, "हं. आता शिकाले सुरुवात झाली." अख्खं कॉलेज तुम्हाला पाठीमागे 'काहून मॅडम' म्हणायचं. तुम्हाला माहीत होतं. आवडायचंही, कबूल करा. बाकीचे प्राध्यापक वर्गात शिरताना आपली नागपुरी दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवत, आणि तुम्ही ती घालूनच आत यायच्या.

मी पुढे चळवळीत गेले, तुम्ही रिटायर झालात. भेट तुटली असती. पण हिवाळी अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरतं, आणि अख्ख्या महाराष्ट्राचे मोर्चे थंडीत आमच्या गावात येऊन बॅरिकेडला टेकतात. त्या डिसेंबरात कोकणातले मच्छीमार आले होते. त्यांच्या खाडीकाठचं खाजण, म्हणजे भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी ती चिखलाची जमीन, भराव घालून बुजवायची होती. वर जेट्टी आणि गोदामं. प्रकल्पाच्या अहवालात खाजणाबद्दल एकच ओळ होती: "उल्लेखनीय जीवसृष्टी आढळली नाही." ज्या चिखलावर गावाचं पोट, त्याबद्दल एक ओळ! त्यांचं इथलं पत्रक मी लिहिलं होतं. शीर्षक होतं, "चिखल तुमच्या डोळ्यांत आहे."

शेवंतीकाकी त्या मोर्चात सगळ्यात पुढे होती. कडेवर पोर घ्यावं तशी तिने एक बरणी धरली होती. आत खाजणाचा चिखल, आणि गळाला लावायचे किडे. 'काही नाही' म्हणणाऱ्यांना ती दाखवणार होती. बॅरिकेडवर एक साहेब आले, निवेदन घेतलं, फोटो काढला, गेले. बरणीत काय आहे, एवढंसुद्धा विचारलं नाही. काकी बराच वेळ तशीच उभी होती. मग बरणी माझ्या हातात दिली. "तू शिकलेली मां? तूच बघ आता."

मी ती घेऊन थेट तुमच्या घरी आले. तुम्ही झाकण उघडलं आणि वासाने घर भरलं. नाकाला पदर लावून तुम्ही म्हणालात, "हे काय आनलं वं? हा पुरावा नाई, लोणचं बी नाई." कोकणातून नागपूरपर्यंतच्या प्रवासात सगळे सडले होते.

सोबत एक छोटी बाटलीही होती. काकीच्या नवऱ्याने एक किडा त्यात वेगळा टाकला होता, कशात ते त्याने सांगितलं नव्हतं. तुम्ही वास घेतला. पुन्हा घेतला. चेहरा असा झाला की मी घाबरले.

"प्रज्ञे, ही देशी होय."

पंचशील घेतलेलं घर. तुमच्या वडिलांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतल्यापासून दारूचा थेंब उंबरा ओलांडून आला नव्हता, हे तुम्ही वर्गातही अभिमानाने सांगायच्या. आणि आता टेबलावर देशीची बाटली, भर दुपारी, दार उघडं, समोरच्या वहिनी पापड वाळवत बसलेल्या. तुम्ही पटकन पडदा ओढलात. मग त्या बाटलीतला किडा उजेडात धरलात आणि हसायला लागलात. "पाय तरी! सगळे शुद्धीवरचे सडले, हा एकटा पिऊन टिकला."

त्याला चिमट्याने काढून चांगल्या स्पिरिटमध्ये ठेवलंत आणि लेबल लिहायला घेतलंत. प्राप्तिस्थान: नागपूर, मोर्चा, बॅरिकेडजवळ.

मी ओरडले. "मॅडम, लोक हसतील! समुद्राचा किडा नागपुरात?"

"हसू दे. तुले तो तिथंच भेटला."

"पण तो खाडीतला आहे ना."

"काहून? तू पाह्यला खाडीत? मी पाह्यला? मंग?"

त्या एका लेबलवरून मला कळायला हवं होतं की पुढे आपलं कशावर वाजणार आहे.

उन्हाळ्यात तुमच्या घरी गेलं की कूलर बरण्यांच्या खोलीत असायचा आणि तुम्ही बाहेर पंख्याखाली, ओला रुमाल मानेवर. नागपूरच्या मे महिन्यात स्पिरिट उडून जायचं, म्हणून किड्यांना गारवा. वहिनी विचारायच्या, "मॅडम, तुमच्याकडे पाहुणे आले का? कूलर चालू हाय." तुम्ही म्हणायच्या, "हो, कोकणातले. बोलत नाईत, पण जागेवरून हलत बी नाईत."

त्या एका किड्यावर तुम्ही भिंग लावून दिवसचे दिवस बसलात. दहावीच्या पुस्तकात गांडूळ, जळू, नेरीस अशी तीन नावं शेजारी असतात. आपला किडा त्या नेरीसच्या कुळातला. अंगावर वळ्या, प्रत्येक वळीला दोन बाजूंना वल्ह्यांसारखे पाय, पायांतून राठ केसांचे झुपके. पुस्तक त्यांना दृढरोम म्हणतं, तुम्ही म्हणायच्या 'झाडूचे केस'. पण ओळख पटते ती तोंडातून. किड्याचा घसा उलट्या मोज्यासारखा बाहेर येतो, त्यावर खसखशीएवढे काळे दात असतात, आणि ते दात कुठे किती, कुठे एकही नाही, त्यावरून जात ठरते. देशीतल्या पठ्ठ्याने तोंड घट्ट मिटलेलं होतं.

"हा बयान देत नाई," तुम्ही म्हणालात. "चाल, याच्या घरी जाऊ."

गुडघे गेलेले, डॉक्टरने जिना चढू नका म्हटलेलं, आणि तुम्ही कोकणात निघालात, चिखल तुडवायला. रेल्वेत बरण्यांची पेटी मांडीवर. पोचल्यावर काकीने तुम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ह्या किड्याक नाव ठेवूक तुम्ही नागपूरसून इलास?"

"हो."

"आमी गळाक लावतो तेवा नाव इचारणव नाय."

"मासोळी तरी विचारते का?" तुम्ही म्हणालात, आणि त्या क्षणापासून तुमचं दोघींचं जमलं. भाषा एकमेकींची अर्धीच कळत होती. बाकी अर्ध्याला तुम्ही दोघी हसत होता.

खाजणात चार पावलं टाकली आणि तुमचा गमबूट चिखलात राहिला, पाय वर आला. तोल गेला. धप्पकन बसलात. काकी आणि मी धावलो, मला वाटलं गुडघा गेला. तुम्ही हात वर करून ओरडलात, "उचलू नका! मले उचलू नका! मी त्याच्या बिळावर बसली आहे!" कमरेपर्यंत चिखल, एका पायात बूट, आणि हाताने हळूहळू चिखल बाजूला करताय. मग बोटांवर तो आला. लालसर, हिरवट झाक, उन्हात अंगावर रंग सांडल्यासारखा चमकणारा. बाटलीतला राखाडी दोरा पाहिला होता मी. हे जिवंत असं असतं, हे माहीतच नव्हतं. तुम्ही त्याला म्हणालात, "अगं बाई, किती दुरून भेटाले आली तुले." तुम्ही रिटायर होतानाही रडला नव्हता. त्या चिखलात तुमचे डोळे भरले होते. फ्लेक्सवाल्याला हा फोटो कुणी दिला असता तर मजकूर तरी बदलला असता.

मग नागपूर, पुन्हा भिंग. या वेळी किडे नीट गुंगी देऊन ठेवलेले. मानेमागे हलकेच दाबत तुम्ही बोलत होता, "उघड वं, उघड तोंड, काही करत नाई." आणि घसा बाहेर आला. दात दिसले. जिथे त्याच्या सगळ्या भावकीत दातांची रांग असते, तिथे याला रांग नव्हतीच. पाठीमागच्या पायांवर कानाच्या पाळीसारखा लोंबणारा भागही भलताच लांब. एक किडा तसा असेल तर व्यंग म्हणता येतं. पण सगळेच तसे होते. बाटलीतला पिऊन टिकलेलाही, शेवटी तोंड उघडलं तेव्हा, तसाच.

मी म्हणाले, "नवीन आहे!"

तुम्ही म्हणालात, "थांब."

ते थांब किती लांबलं, आठवतं? जुनी वर्णनं, परदेशातली, कुणी शंभर वर्षांपूर्वी काढलेली चित्रं, दुसऱ्या संग्रहालयांतून मागवलेले फोटो. प्रत्येकाशी ताडायचं आणि म्हणायचं, हा नाही. हाही नाही. मला वाटायचं संशोधन म्हणजे 'हो, हो' असेल. ते सगळं 'नाही, नाही'च निघालं. मोर्चासारखंच. फरक एवढाच की शेवटचं 'नाही' झालं तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठलात, दोन्ही हात वर केलेत आणि स्वयंपाकघरात जाऊन दूध नसताना चहा ठेवलात. "प्रज्ञे, हा कोणाचाच नाई वं! अजून कोणीच याले नाव नाई ठेवलं!" काळा चहा आपण दोघींनी उभ्यानेच प्यायलो. एवढा चांगला चहा पुन्हा झाला नाही.

आणि त्याच दिवशी आपलं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही, तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडणारही नाही.

जनसुनावणी जवळ आली होती. मी पत्रक तयार केलं. मथळा: "जगात फक्त आमच्या खाजणात आढळतो!" तुम्ही चष्मा कपाळावर ढकललात.

"आढळतो काहून? आढळला लिही."

"मॅडम, एका अक्षराने काय होतं?"

"आढळतो म्हणजे तू अख्खं जग फिरून आली. आढळला म्हणजे आपण इथं पाह्यला. आन् 'जगात फक्त' काढ."

"मग उरलं काय? 'आमच्या खाजणात एक किडा आढळला'? याच्यावर कोण चिडून उठेल?"

"चिडवणं तुह्यं काम. खरं माह्यं."

"तोवर ते बुजवतील! मग लिहा, 'आढळला होता'!"

हे मी ओरडून बोलले आणि तुम्ही चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतलात. मग म्हणालात, "त्याईच्या अहवालात काय लिहिलं हाय? 'आढळली नाही.' ते बी खरंच होय. पाह्यलंच नाई, त आढळन कशी? त्याईचं न पाहता लिहिलेलं 'नाही', आन् आपलं न पाहता लिहिलेलं 'फक्त'. फरक काय वं?"

मी दार आपटून गेले. राग होता म्हणून. अजूनही आहे. ज्यांच्याकडे सगळी सत्ता, त्यांना एक ओळ खोटी चालते आणि आमच्या क्रियापदाची मात्र तपासणी! काकीच्या गावाला तुमच्या अचूकपणाची किंमत मोजावी लागली असती तर? सुनावणी पुढे ढकलली गेली, हे आपलं नशीब. तुमचं शास्त्र नाही. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणाले होते, आजही म्हणते. दोन दिवसांनी तुम्ही फोन केलात, "राग उतरला असन त ये, दातांची चित्रं काढायची आहेत. तुह्या हाताचं वळण चांगलं हाय." माफी नाही, समजूत नाही. मी आले. बॅरिकेडवर पोस्टर रंगवणाऱ्या हाताने मी किड्याचे दात काढले, आणि तुम्ही प्रत्येक ठिपक्याला विचारलंत, इथंच काहून.

राहता राहिलं नाव. मी मोठमोठी नावं सुचवली, नेत्यांची, हुतात्म्यांची. तुम्ही म्हणालात, "मोठ्या मानसाईचे पुतळे पुरे आहेत. त्याईले चिखलात नको ओढू." मग मी म्हटलं, काकीचं नाव देऊ. काकीला फोन लावला तर ती किंचाळली, "माझा नाव? आणि मगे गळाक लावतले? नको गो बाय!" तुमचं नाव द्यायचं तर तुम्ही स्वतः लेखक, आपलंच नाव आपण ठेवणं म्हणजे स्वतःच्या फ्लेक्सवर स्वतःच मनमिळाऊ लिहिणं. मी वैतागून म्हणाले, एका किड्याला नाव ठेवायला एवढा वेळ? तुम्ही म्हणालात, "तुही जिंदगी लोकाईले नावं ठेवण्यात चालली, माही याले एक नाव ठेवण्यात. दोघींच्या कामात फरक एका अनुस्वाराचा."

निबंध पूर्ण झाला. नावाची जागा कोरी.

दवाखान्यात तुमच्या मनगटावर पट्टी बांधली होती, नाव, वय, खाट. तुम्ही ती मला दाखवलीत. "पाय, मले बी लेबल लावलं. प्राप्तिस्थान लिहिलं नाई पण." मी हसले नाही म्हणून रागावलात. मग विचारलंत, "नाव ठेवलं का?" मी म्हटलं, तुम्ही बऱ्या व्हा, मग भांडून ठरवू. तुम्ही डोळे मिटले आणि ओठ हलले. तोच शब्द असणार, अशी माझी खात्री आहे. पण ऐकू आला नाही, म्हणून "म्हणाल्या" असं लिहीत नाही. बघा, शिकले की नाही.

तुम्ही गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या घरी पंगत बसली होती, पुतण्या वाढत होता. मी बरण्यांच्या खोलीत गेले. कूलर बंद होता. मी पाणी भरलं, चालू केला. वहिनी दारात आल्या. "अजून पाहुण्याईले गारवा?" म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. तिथेच बरण्यांसमोर जमिनीवर बसले आणि कोऱ्या जागेत नाव टाकलं. नाव लॅटिनच असलं पाहिजे असं नाही, कुठल्याही भाषेतलं चालतं, हे तुम्हीच शिकवलेलं. कुळाचं नाव आधीचं आहे तेच. पुढचं आपलं: काहून.

तुमचं नाव नाही दिलं. नियम पाळला. तुमचा प्रश्न दिला.

निबंध ज्या शोधपत्रिकेला पाठवला, तिचं काल उत्तर आलं. निबंध स्वीकारला आहे. एका तज्ज्ञाने दोनच शंका काढल्यात. पहिली: एका नमुन्याचं प्राप्तिस्थान नागपूर, मोर्चा, असं दिलं आहे; ही चूक आहे का? मी लिहिलं, नाही. तो तिथेच भेटला. दुसरी शंका: हेच नाव का, कृपया स्पष्ट करावे. मॅडम, मी ती ओळ तुमच्या बरण्यांच्या खोलीत वाचली आणि एवढी हसले की पुतण्या धावत आला. तो जगातला एवढा मोठा तज्ज्ञ, आणि विचारून राहिला, काहून!

नवं पत्रक आज छापायला दिलं. मथळ्यात लिहिलंय: "आजवर फक्त आमच्या खाजणात आढळला." आजवर. एवढासा शब्द. तो घातला की तुमचंही खरं राहतं आणि माझंही धारदार. दार आपटायच्या आधी आपल्या दोघींपैकी एकीलाही तो सुचला नाही. तुम्ही असता तर त्यालाही विचारलं असतं, आणि मला आज ते भांडण फार हवं होतं.

मग काकीला फोन केला. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, तिथे गावातर्फे तीच बोलणार आहे.

"काकी, किड्याचं नाव ठरलं."

"काय ठेवलास?"

"काहून."

"काय?"

"काहून."

"म्हंजे काय ता?"

"कित्याक."

"अगे कित्याक म्हंजे? आमच्या किड्याचा नाव आमका कळूक नको?"

मला हसू आवरेना. शेवटी तिला उलगडून सांगितलं, तुमच्याकडचं कित्याक, आमच्याकडचं काहून, आणि नाव तेच. तिच्या मागे समुद्र ऐकू येत होता.

"बाईंचो शब्द मां तो?"

"हो."

"चिखलात बसान पण तोच इचारीत होती." मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि काकीचा बॅरिकेडवरचा आवाज परत आला. "मगे मी सायबाक तसाच सांगतंय. आमच्या खाजणात काहून आसा."

"काकी, साहेब विचारतील, काहून म्हणजे काय?"

"मगे इचारूंदे मां," ती म्हणाली. "एकदा तरी इचारूंदे."